ग्राहकाने आणून दिलेला नमुना

मेहुण्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. सरांनी तिला बोटही न लावता त्याच्यापुढे एक अर्ज सरकवला.

"आधी हा भर."

"भावोजी, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"या दारातून आत आलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक. दाराबाहेर तू माझा मेहुणा. भर."

मेहुण्याने हात पँटला पुसले, तरी अर्जाच्या कोपऱ्यात मातीचा अंगठा उमटलाच. पाणी कुठलं, तर विहिरीचं. कशासाठी तपासायचं, तर क्रोमियमसाठी. नमुना कोणी काढला, या रकान्यात त्याने 'मी' एवढंच लिहिलं. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली होती: निष्कर्ष ग्राहकाने आणून दिलेल्या नमुन्यापुरताच मर्यादित आहे. ती न वाचता त्याने तिच्याखाली सही केली.

"तुम्हीच येऊन काढलं असतंत पाणी, तर बरं झालं असतं. दर रविवारी जेवायला येताच की."

"मी काढलं तर उद्या समोरचा म्हणेल, मेहुण्यासाठी काढलं. तुला कागद हवाय ना? मग तो स्वच्छ हवा."

मेहुण्याने मान हलवली. त्याची रोपवाटिका बावीस वर्षांची होती. गेल्या दोन वर्षांत आधी गुलाबाच्या कलमांची पानं कडेने पिवळी पडली, मग नवी मुळं फुटायची थांबली, आणि या हंगामात तीन वाफे सरळ उपटून टाकावे लागले. पाणी एकाच विहिरीचं होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला, कुंपणापलीकडे, पितळी नळांना क्रोमियमचा चकचकीत मुलामा देण्याचा कारखाना होता. त्याच्या मालकाला सगळे नळवाले म्हणत. पुढच्या हंगामाआधी याचा निकाल लागला नाही तर आपल्याला रोपवाटिका बंद करावी लागेल, हे मेहुण्याने बहिणीला सांगितलं होतं. सरांना त्याने ते तोंडाने सांगितलं नव्हतं, पण सरांना ते ठाऊक होतं.

सर पूर्वी प्रदूषण खात्यात निरीक्षक होते. नऊ वर्षांत त्यांनी शिक्के विकले जाताना पाहिले, मग राजीनामा देऊन स्वतःची पाणी तपासणीची प्रयोगशाळा काढली. सरकारने दोनच कामं करावीत, असं ते म्हणत: मारहाण थांबवावी आणि फसवणाऱ्याला शिक्षा करावी. बाकीचं माणसं करार करून आपसात बघून घेतील. निरीक्षकाचा शिक्का विकत मिळतो, खाजगी प्रयोगशाळेचं नाव मिळत नाही, कारण नाव गेलं की धंदा गेला. हे त्यांनी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत इतक्या वेळा लिहिलं होतं, की प्रयोगशाळेतली माणसं त्यांच्यामागे त्यांना 'कमीतकमी' म्हणत. सरांना हे माहीत होतं. त्यांना ते नाव आवडायचंही.

प्रदूषणाबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. शेजाऱ्याच्या विहिरीत विष सोडणं म्हणजे त्याच्या अंगावर हात टाकणंच. त्याला खातं कशाला, परवाने कशाला? ज्याचं नुकसान झालं त्याने पुरावा घेऊन उभं राहावं आणि भरपाई घ्यावी. इतकी वर्षं हे कागदावरच होतं. आता मेहुण्याच्या रूपाने ते चालत दारात आलं होतं. सर त्या दिवशी दुपारभर उत्साहात होते, आणि उत्साहात असल्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

निष्कर्ष तिसऱ्या दिवशी आला. तपासनीस बाई कागद घेऊन त्यांच्या खोलीत आल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या. प्रयोगशाळा सुरू झाल्यापासून त्या तिथे होत्या, आणि दार लोटण्याची त्यांना सवय नव्हती.

"अडतीस पट," त्या म्हणाल्या. "मर्यादेच्या."

"दोनदा केलंत?"

"तीनदा केलं."

सरांनी कागद वाचला, सही केली, शिक्का मारला. बाई तरीही गेल्या नाहीत.

"सर, नळवाल्यांच्या सांडपाण्याचे रिपोर्टही आपलेच आहेत."

"माहीत आहे. सव्वीस महिन्यांचे."

"सगळे स्वच्छ."

"ज्या बाटल्या आल्या, त्या स्वच्छ होत्या."

"त्या बाटल्यांत काय होतं, तेही माहीत आहे ना आपल्याला?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. पहिल्याच महिन्यात बाईंना नळवाल्यांच्या बाटलीचा वास ओळखीचा वाटला होता. कोणी सांगितलेलं नसताना त्यांनी त्यात एक थेंब टाकून पाहिला, आणि पाणी गुलाबी झालं. म्हणजे पाण्यात क्लोरीन होतं. कारखान्याच्या सांडपाण्यातून क्रोमियम काढताना जे रसायन घालतात, ते क्लोरीन शिल्लक ठेवत नाही. बाटलीतलं पाणी सांडपाणी नव्हतंच. ते पिण्याच्या नळाचं पाणी होतं. तेव्हाही बाई असंच दार लोटून उभ्या राहिल्या होत्या.

तेव्हा सरांनी विचारलं होतं, "त्यांनी क्लोरीन तपासायला सांगितलंय?"

"नाही."

"मग आपण तपासलेलं नाही. त्यांनी क्रोमियम विचारलं, आपण क्रोमियम सांगायचं. न विचारता लोकांच्या बाटल्यांत नाक खुपसायचं, तर मी खातं सोडलं कशाला?"

बाईंनी त्यानंतर क्लोरीनचा विषय काढला नव्हता. पण दर महिन्याला त्या थेंब टाकत होत्या. आज त्यांनी तेही सांगून टाकलं.

"सव्वीसच्या सव्वीस गुलाबी, सर. माझ्या वहीत तारखा आहेत."

"वही घरी न्या," सर म्हणाले.

घरी बायकोने जेवायला वाढताना विचारलं, "माझ्या भावाला अर्ज भरायला लावलात म्हणे."

"सगळ्यांनाच लावतो."

"वहिनी सांगत होती. शिक्का मारलेली पावतीसुद्धा दिलीत. चांगलं केलंत. लग्नात हार घालतानाही एखादी पावती घ्यायला हवी होती मी."

"निकाल त्याच्याच बाजूने आहे. अडतीस पट."

बायकोचा हात ताटावर थांबला.

"म्हणजे जिंकणार तो?"

"जिंकायलाच हवा," सर म्हणाले. क्लोरीनचं त्यांनी बायकोला सांगितलं नाही. नंतर बराच वेळ ते आमटीतला चमचा नुसताच फिरवत बसले, आणि बायकोला वाटलं की मीठ कमी पडलं.

कोर्टात वर्षं जातात म्हणून सरांनी लवाद सुचवला. मेहुणा आणि नळवाले, दोघांनी मिळून एक निवृत्त न्यायाधीश लवाद म्हणून निवडले. त्यांचा निर्णय अंतिम राहील, पुन्हा कुठे दाद मागायची नाही, असा करार झाला. कराराचा मसुदा सरांनीच लिहून दिला. त्यात एक कलम होतं, की पाण्याच्या बाबतीत या प्रयोगशाळेचे अहवाल दोन्ही बाजूंना मान्य असतील. नळवाल्यांनी ते वाचून लगेच सही केली.

"तुमच्या नावावर आमचा पूर्ण विश्वास आहे, सर."

मेहुण्याने वकील करू का, म्हणून विचारलं होतं. सर म्हणाले, कागद बोलतील, वकील कशाला?

सुनावणी फर्निचरच्या दुकानावरच्या एका खोलीत झाली. टेबल नवं होतं आणि खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी हललं की आवाज व्हायचा. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने एका पिशवीत मुळासकट तीन मेलेली कलमं आणली होती. ती टेबलावर ठेवू का, असं त्याने विचारलं. लवाद म्हणाले, खाली राहू द्या.

नळवाल्यांच्या वकीलबाई सरांपुढे सव्वीस अहवालांचा गठ्ठा ठेवून बसल्या.

"हे अहवाल तुमच्या प्रयोगशाळेचे?"

"हो."

"यातला एखादा आकडा खोटा आहे?"

"नाही."

"कोणाच्या दबावाखाली दिलाय?"

"नाही."

"मग माझं संपलं."

सरांना उठता आलं असतं. विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता आणि कोणी त्यांच्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. समोर मेहुणा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. भावोजी बोलताहेत म्हणजे सगळं नीट चाललंय, अशा खात्रीने तो मान हलवत होता. सरांनी उठण्यासाठी टेबलावर टेकलेले हात परत खाली घेतले.

"एक सांगायचं आहे. विचारलेलं नाही, पण सांगतो."

लवादांनी मान वर केली.

"आकडे खरे आहेत. पण ते सांडपाणी नव्हतं. पिण्याच्या नळाचं पाणी होतं. त्यात क्लोरीन सापडायचं. दर महिन्याला."

खोलीत प्लॅस्टिकही वाजलं नाही. नळवाले आपल्या वकीलबाईंकडे बघत राहिले. वकीलबाई मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या महिन्यापासून."

"तरी सव्वीस अहवाल दिलेत."

"अहवालावर लिहिलेलं असतं. ग्राहकाने आणून दिलेल्या नमुन्यापुरता."

"बरोबर. म्हणजे बाटलीत काय होतं हे तुमचा अहवाल सांगतो, बाटली कुठून भरली हे सांगत नाही."

"हो."

"आता विहिरीचा अहवाल बघू. अडतीस पट. नमुना कोणी काढला?" त्यांनी अर्ज उलटा करून सरांपुढे धरला. कोपऱ्यात मातीचा अंगठा होता. "वाचता का?"

सरांनी वाचलं, "मी."

"हा 'मी' म्हणजे तुम्ही?"

"नाही. अर्जदार."

"तुम्ही विहिरीवर गेला होतात?"

"नाही."

"तुमच्यापैकी कोणी?"

"नाही."

वकीलबाईंनी अर्ज जागेवर ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.

लवाद भले गृहस्थ होते. त्यांनी पाणी मागवलं, दोन्ही बाजूंना दहा मिनिटं दिली, मग शांतपणे निर्णय सांगितला. एका बाजूची बाटली अविश्वसनीय ठरवायची आणि दुसऱ्या बाजूची त्याच अटीवर आलेली बाटली मान्य करायची, हे न्यायाला धरून होणार नाही. दोन्ही बाजूंचे अहवाल वगळण्यात येत आहेत. अहवाल वगळल्यावर दावा सिद्ध करण्याजोगं काही उरत नाही. सबब दावा फेटाळण्यात येत आहे. रोपांबद्दल आपल्याला सहानुभूती आहे, असंही ते म्हणाले.

जिन्यात मेहुणा सरांच्या एक पायरी पुढे होता. पिशवीतून माती गळत होती. खाली दुकानातल्या एका रिकाम्या पलंगापाशी तो थांबला.

"सव्वीस महिने," तो म्हणाला. "रविवारी यायचात. मी वाफे दाखवायचो. पानं का पिवळी पडतात, म्हणून विचारायचो तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात, लोह कमी पडत असेल."

मेहुण्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बसथांब्याकडे चालू लागला. सरांची गाडी समोरच उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

दोन आठवडे गेले. बायको घरात बोलत होती, पण भाजी आणायची आहे, गॅस संपलाय, एवढंच. प्रयोगशाळेत काम कमी झालं नाही. उलट तीन नवे कारखाने आले. बाटलीत काय आहे एवढंच बघणारी प्रयोगशाळा म्हणून नाव पसरलं होतं. तपासनीस बाईंनी एका सोमवारी राजीनाम्याचा कागद दिला. कारण लिहिलेलं नव्हतं, आणि सरांनी विचारलं नाही.

त्याच दुपारी सर पंधरा वर्षांनी आपल्या जुन्या खात्याची पायरी चढले. त्यांच्या हाताखाली असलेला कारकून आता तिथला अधिकारी होता. त्याने उठून खुर्ची दिली.

"विहिरीचं पाणी तुमच्या माणसाने येऊन काढायला हवं," सर म्हणाले. "सरकारी नमुना."

"माणूस कुठाय, सर? नमुने काढणारी दोन्ही पदं रद्द झाली. खाजगी रिपोर्ट चालतात आता." अधिकारी हसला, पण कुत्सितपणे नाही. "तुमच्या लेखांची कात्रणं जोडली होती त्या प्रस्तावाला. मीच चिकटवली."

सरांनी थोडा वेळ टेबलाच्या काचेखालच्या सुट्ट्यांच्या यादीकडे पाहिलं.

"मग फसवणुकीची तक्रार द्यायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्या प्रयोगशाळेविरुद्ध."

अधिकाऱ्याने खण उघडला, एक छापील अर्ज काढला, आणि द्यायच्या आधी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "फसवणूक झालेल्या व्यक्तीचं नाव आणि सही. इथे तुम्ही चालणार नाही, सर. ज्याला फसवलं त्याने सही करायची."

अर्ज घेऊन सर थेट रोपवाटिकेवर गेले. फाटकात टेम्पो उभा होता. मेहुणा कुंड्या उचलून देत होता आणि टेम्पोवाला त्या आत रचत होता. मेहुण्याची बायको खाली बसून रोपांवरच्या नावांच्या पट्ट्या काढत होती. तिने सरांना पाहून पदर सावरला, पण या म्हटलं नाही.

"इथे सही कर," सरांनी अर्ज पुढे केला. "माझ्याविरुद्ध आहे."

मेहुण्याने हात पुसले. या वेळी त्याने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मागची बाजूसुद्धा.

"मला फसवलं असं लिहिलंय यात."

"हो."

"तुम्ही मला काय विकलं होतं, भावोजी?"

"काही नाही."

"माझ्याशी काही करार होता?"

"नव्हता."

"मग कसली फसवणूक? नळवाल्यांनी जे मागितलं ते तुम्ही त्यांना दिलं. मी त्यात कुठे होतो?" त्याने कागद घडी करून परत दिला. "आणि सही मला करताही येणार नाही. जागा विकली मी. परवा नोंदणी झाली. कुठेही तक्रार करायची नाही, अशी अट आहे."

"कोणाला विकली?"

"नळवाल्यांशिवाय दुसरं कोण घेणार? विहिरीचं सगळीकडे कळलंय. त्यांनी भाव बरा दिला. दोघांची राजीखुशी होती." मेहुण्याने पुढची कुंडी उचलली. "तुम्हाला तरी हे पटायला हवं."

त्याची बायको खालूनच म्हणाली, "ते कामगारांच्या खोल्या बांधणार आहेत इथं. विहीर ठेवणार आहेत म्हणे. आयतीच आहे."

सरांनी विहिरीकडे पाहिलं. तिच्याभोवती सिमेंटचे नवे खांब रोवले होते आणि सध्या त्यांवर कमरेइतक्या उंचीची एकच तार ओढलेली होती. तारेपलीकडे खुर्चीवर एक पहारेकरी बसला होता. सरांनी मेहुण्याच्या बायकोकडे एक रिकामी बाटली मागितली. तिने कुठलीशी पडलेली होती ती दिली. नळावर ती तीनदा विसळून सर तारेपर्यंत गेले.

"या विहिरीचं पाणी पिता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. खोल्या झाल्या की पिणार. पहिली खोली मलाच आहे. बायको-पोरांना आणायचंय."

"पिऊ नका हे."

"का?"

"चांगलं नाही."

पहारेकऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तसा कागद आहे का? कागद द्या, मी दाखवतो साहेबांना. नुसतं तोंडी सांगितलं तर मलाच हाकलतील."

"कागदासाठी पाणी लागेल. साहेबांना विचारता का, एक बाटली भरून घेऊ का म्हणून?"

पहारेकऱ्याने फोन लावला. सरांना नाव विचारून ते पलीकडे सांगितलं. पलीकडचं बोलणं ऐकताना तो दोनदा हो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"साहेब म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता. खोल्यांसाठी पाण्याचा दाखला तर लागणारच आहे. बाटली ते पाठवतील तुमच्याकडे."

सर तिथेच उभे राहिले. विहिरीचा काठ तारेपासून चार पावलांवर होता. रहाटाला दोर होता, दोराला बादली होती. पहारेकऱ्याने मागे वळून कारखान्याच्या खिडक्यांकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग त्याने उठून तारेवर पाय दिला आणि ती गुडघ्याखाली दाबून धरली.

"या," तो हळू आवाजात म्हणाला. "पटकन भरून घ्या. मी काही बघितलं नाही."

"मालकांनी नाही म्हटलंय."

"म्हणू द्या. माझी पोरं येणार आहेत इथं."

सरांनी तारेकडे पाहिलं. बाटलीचं झाकण त्यांनी उघडलं, पुन्हा लावलं. टेम्पोपाशी कुंड्यांचा आवाज थांबला होता. मेहुणा आणि त्याची बायको दोघंही इकडे बघत होती.

पहारेकऱ्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याचा पाय भरून आला, आणि त्याने तार सोडली.